पाटीखालची रिकामी जागा

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेल्या. बाळंतपण नॉर्मल होण्यासारखं असेल तर त्या रात्रभर बाईच्या उशाशी बसून राहत, सिझरची घाई करत नसत. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला पाकीट द्यायची चाल त्यांनी पहिल्या दिवसापासून नाकारली होती. त्यापायी पेशंट दुसरीकडे वळत, आणि ते नुकसान त्या तक्रार न करता सोसत.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कायद्याने लावावीच लागते ती पाटी होती: इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. पुष्कळ ठिकाणी ही पाटी कॅलेंडरमागे किंवा कपाटाआड दडलेली असते. मॅडमनी ती मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली होती आणि बाया बसतात त्या बाकासमोर लावली होती. तिच्याकडे बघून त्यांना समाधान वाटे. आपल्या दवाखान्यात हे होत नाही, हे त्या अभिमानाने सांगत, आणि ते खरंही होतं.

त्याच गावात एक आबा होते. बागायती ऊस, कारखान्याच्या राजकारणात वजन, शब्दाला मान. मॅडम नव्या आल्या तेव्हा दवाखान्यासाठी मोक्याची जागा आबांनी दिली होती. सोनोग्राफी मशीनचं कर्ज काढताना पतसंस्थेत जामीनही तेच राहिले होते. पुढे कधी त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही. असे उपकार फार जड असतात.

एके दिवशी आबा सुनेला घेऊन आले. सुनेला तिसरा महिना संपत आला होता. मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्तदाब बघितला, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. सून बाहेर बाकावर जाऊन बसली आणि आबा आत आले.

“बाळ चांगलं आहे आबा. ठोके नीट आहेत.”

“त्ये झालं. मॅडम, दोन पोरी हायत आमाला. ह्या बारीला काय हाय, तेवढं बघितलं असंलच की तुमी.”

मॅडम गप्प राहिल्या.

“तोंडानं सांगू नका. पेढं आणा म्हणा, न्हाईतर जिलेबी आणा म्हणा. तेवढ्यानं काय बिघडतंय?”

पेढे म्हणजे मुलगा, जिलेबी म्हणजे मुलगी, ही भाषा मॅडमना ठाऊक होती. कायदा करणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. म्हणूनच तर शब्दाने, खुणेने किंवा आणखी कोणत्याही प्रकारे सांगायला बंदी घातलेली आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ साली आला आणि २००३ साली आणखी कडक झाला.

“आबा,” त्या म्हणाल्या, “तुमचे उपकार मी विसरलेले नाही. तुमच्या घरातल्या कुठल्याही दुखण्याला हा दवाखाना रात्री दोन वाजताही उघडा आहे. पण हे मी सांगणार नाही.”

आबा रागावले नाहीत. “बरं. तुमची मर्जी,” म्हणाले, हात जोडले आणि बाहेर गेले. बाकावरची सून समोरच्या पाटीकडे बघत बसली होती. आबांनी “चला” म्हटल्यावर ती उठली.

त्या रात्री मॅडमना शांत झोप लागली. उपकारकर्त्यालाही आपण नकार देऊ शकलो, याचा त्यांना आधार वाटला.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, आबांची सूनबाई तारखेला आली न्हाई. आठ दिवस झालं.”

एरवी मॅडम म्हणाल्या असत्या, दुसरीकडे दाखवत असतील. या वेळी मात्र त्यांना मिरजेच्या आपल्या जुन्या सरांचा एक प्रश्न आठवला.

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावी एक प्रकरण उघडकीला आलं होतं. गर्भपात करताना एक तरुण विवाहिता दगावली. पोलिसांनी तपास केला तेव्हा ओढ्याकाठी पिशव्यांत भरून पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा होमिओपॅथीची पदवी घेतलेला होता, आणि तपासाचे धागे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत पोचले. सारा महाराष्ट्र हादरला. त्या दिवसांत डॉक्टर मंडळी भेटली की एकच वाक्य निघे: तो आपल्यातला नव्हे. मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. तेव्हा सरांनी विचारलं होतं, “मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. इथून म्हैसाळ गाडीने अर्ध्या तासाच्या आत. मग मला सांग, त्या दवाखान्यात गेलेल्या बाया त्याआधी कुणाच्या दवाखान्यात येत होत्या?”

त्या वेळी मॅडमनी हा प्रश्न ऐकला आणि सोडून दिला होता.

आता त्यांनी गरोदर बायांच्या नोंदीची जुनी रजिस्टरं काढली आणि दिवा लावून बसल्या. पहिलटकरणींची नावं पानोपानी पुढे जात होती. तिसरा महिना, पाचवा, सातवा, बाळंतपण. ज्यांना आधीचा मुलगा होता त्यांचीही तशीच. ज्यांना दोन मुली होत्या त्यांच्यातली काही नावं मात्र चौथ्या महिन्यापाशी थांबत होती. पुढचे रकाने कोरे. प्रत्येक कोऱ्या रकान्यामागे गुन्हा नसतो, हे त्यांना कळत होतं. कुणाचा गर्भ आपोआप पडला असेल, कुणी माहेरी गेली असेल, कुणी डॉक्टर बदलला असेल. पण कोरे रकाने एकाच प्रकारच्या बायांच्या नावापुढे इतके का, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. हजार मुलग्यांमागे किती मुली, हा सांगली जिल्ह्याचा आकडा त्यांना पाठ होता. सहा वर्षांखालच्या मुलांत २००१ च्या जनगणनेत ८५१, २०११ च्या जनगणनेत ८६७. भाषणांत त्यांनी तो कितीदा सांगितला होता. त्या आकड्यातून गळलेल्या काही मुली आपल्या रजिस्टरमधूनही गेल्या असतील, हे त्यांच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं.

आबांच्या घरी जाऊन विचारणं बरोबर नव्हतं. पेशंटची गोष्ट पेशंटशीच बोलायची असते, सासऱ्यासमोर नाही. मॅडम गावच्या आशा स्वयंसेविकेशी, आशाताईंशी बोलल्या. गावात लसीकरणाचा दिवस होता. आबांची सून धाकट्या मुलीला डोस द्यायला उपकेंद्रात येणार होती, आणि तिथे सोबत पुरुषमाणूस येत नाही. मॅडम तिथे गेल्या. तिथल्या सिस्टरांनी आतली खोली मोकळी करून दिली.

“तारखेला आली नाहीस,” मॅडम म्हणाल्या.

सुनेने दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, “शनवारी गाडी येणार हाय. मशीन गाडीतच आसतंय म्हणं. तितं बघायचं, आन पोरगी निघाली तर तसंच फुडं न्यायचं. माणूस ठरवलाय मामांनी.”

“आणि तुझं काय म्हणणं आहे?”

“मॅडम, त्या दिवशी मी तुमची पाटी वाचत हुती. धावी झालीय माझी. इथं करत न्हाईत, गुन्हा हाय, एवढं लिव्हलंय. पर दुसरीकडं करत्यात आन मला तितं नेत्यात, तर मी कुणाला सांगायचं, त्ये न्हाई लिव्हलं. खाली जागा मोकळीच हुती की.”

मॅडमना काय बोलावं कळेना. सूनच पुढे बोलत राहिली. ती सातारा जिल्ह्यातली, डोंगराकडच्या गावची. घरातली चौथी मुलगी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. त्या कार्यक्रमाला तीही गेली होती. नवं नाव तिचं तिने निवडलं होतं आणि दाखला हातात घेऊन एसटीने घरी आली होती.

“तवा मला इचारलं हुतं, काय नाव पायजे म्हणून. ह्या पोटातल्या पोराचं मला कुणी इचारत न्हाई. पोरगा असू दे, पोरगी असू दे, मला जन्माला घालायचंय. पर मॅडम, माझं नाव कुठं येऊ दिऊ नका. दोन पोरी हायत माझ्या त्या घरात.”

मॅडमनी तिला नीट समजावून सांगितलं. असल्या प्रकरणात कायदा बाईला गुन्हेगार धरत नाही, घरच्यांनी जबरदस्ती केली असंच मानून चालतो. तक्रार होईल ती मशीनवाल्याची आणि मधल्या माणसाची, तिची नाही. आणखी एक गोष्टही सांगितली. उद्या खुद्द तिलाच एखादं बाळंतपण नको झालं, तर त्यासाठी १९७१ चा गर्भपाताचा कायदा आहे. तिथे डॉक्टरने नाव गुप्त ठेवायचं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलगी आहे म्हणून दुसऱ्यांनी तिला गाडीत घालून नेणं, ही वेगळी गोष्ट. हा फरक सांगणं मॅडमना फार गरजेचं वाटलं. मुली वाचवायच्या म्हणून बायांवर पाळत ठेवायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी कराडच्या आपल्या वर्गमित्राला फोन केला. तो रेडिओलॉजिस्ट, स्वच्छ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, तू काय करतेयस याचा विचार केलायस का? गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या फॉर्म एफमधला एक रकाना राहिला तरी मशीनला सील लागू शकतं. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, नोंदींतली त्रुटी म्हणजे नुसती कारकुनी चूक नव्हे. चांगल्या डॉक्टरांच्या मानेवर ही टांगती तलवार आहे, आणि तू आपण होऊन त्या लोकांना बोलावणार? ते पहिल्यांदा तुझंच कपाट उघडतील.”

“उघडू देत.”

“आणि शेवटी आपल्याच माणसांवर तक्रार?”

“अरे, आपली माणसं कोण, तेच मला आज ठरवायचंय,” मॅडम म्हणाल्या. “तो गाडीत मशीन घेऊन फिरणारा आपला, की आपल्या बाकावर बसून पाटी वाचणारी ती आपली?”

मित्र थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तक्रार लिहून झाली की मला दाखव. कायद्याची कलमं मी तपासून देतो.”

तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गेली. या कायद्याखाली जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी तेच असतात. कागदावर सुनेचं नाव नव्हतं. गाडी, वार, रस्ता आणि मधल्या माणसाचा फोन नंबर, एवढंच होतं. शनिवारी पथकाने गाडी अडवली. आत नोंदणी नसलेलं छोटं मशीन निघालं. मधला माणूस धरला गेला, खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या. आबांच्या घराने धसका घेतला आणि सुनेला कुठे न्यायचं नाव पुन्हा काढलं नाही.

मित्राने सांगितलं होतं तसंच पुढे झालं. पथक मॅडमच्या दवाखान्यातही आलं. दोन वर्षांचे फॉर्म उलटून बघितले. एका फॉर्मवर पत्ता अपुरा निघाला. नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, बाहेरची रांग ताटकळली. मॅडमनी आपली चूक मान्य केली आणि फॉर्म रोजच्या रोज तपासायची शिस्त लावली. नोंदी काटेकोर का हव्यात, हे त्यांना आता पटलं होतं. गाडीतल्या मशीनला फॉर्मच नसतो, आणि पकडणाऱ्याच्या हातात कागदाखेरीज दुसरं काही नसतं.

आबांनी कधी भांडण काढलं नाही. पतसंस्थेचं पत्र तेवढं आलं: जामीनदार बदलून द्यावा. मॅडमनी राहतं घर तारण ठेवलं. ओळखीचे चारदोन डॉक्टर समोरून आले की फोनवर बोलू लागत. वर्षभर बाळंतपणं घटली. आबांच्या भावकीतली एकही बाई दवाखान्याची पायरी चढली नाही. हे नुकसान खरं होतं, आणि ते पुढे कुणी भरून दिलं असंही नाही.

सून बाळंत झाली ती मॅडमच्याच हातून. तिची आई साताऱ्याहून आली होती, तिने हट्टाने इथे आणलं. बाळ आणि बाळंतीण सुखरूप. मुलगा झाला की मुलगी, हे या गोष्टीत सांगितलेलं नाही, कारण गोष्टीचं बरंवाईट त्यावर ठरत नाही. मुलगा झाला असता तर मॅडमचं चुकलं असतं, असं नाही. मुलगी झाली असती म्हणून त्या जास्त बरोबर ठरल्या असत्या, असंही नाही. वाचताना ज्याला ते विचारावंसं वाटेल, त्याने तो प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पुढे एकदा मॅडम मिरजेला सरांकडे गेल्या. सगळं सांगितलं. पाटीखालच्या मोकळ्या जागेचंही सांगितलं. सर म्हणाले, “त्या जागेत हवी तशी पाटी आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी लागून गेलीय. लावणारी बाई तुझ्या त्या पेशंटच्याच जिल्ह्यातली, नायगावची.”

मग सरांनी सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा लाजेपोटी पोटचं मूल मारत किंवा स्वतः जीव देत. बालहत्या हा गुन्हा होता, कायदा होता, शिक्षाही होती. फुल्यांनी गावात जाहीर सूचना लावल्या. त्या सूचनांनी विधवांना धमकावलं नाही, बोलावलं. इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, असा त्यांचा आशय. त्या घरात जन्मलेला एक मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना आणत आणि यशवंतराव त्यांच्यावर उपचार करत. त्याच सेवेत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

“म्हणजे बघ,” सर म्हणाले, “गुन्हा करू नका असं सांगणारा कायदा तेव्हाही होताच. तिने, ये म्हणणारी पाटी लावली, आणि त्या पाटीने आपल्याला एक डॉक्टर दिला.”

गावी परतल्यावर मॅडमनी रंगाऱ्याला बोलावलं. जुन्या पाटीखाली लिहून घेतलं: “तुमच्या मनाविरुद्ध कुणी कुठे नेत असेल तर आमच्या सिस्टरांना सांगा. तुमचं नाव कुठेही जाणार नाही.” खाली तक्रारीचा नंबर. हाच मजकूर बायकांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवला, कारण तिथे सासरा, नवरा, सासू कुणी सोबत येत नाही. सिस्टरांना त्यांनी एवढंच शिकवलं: कुणी विचारलं तर घाई करायची नाही, आधी ऐकून घ्यायचं, आणि बाईने हो म्हटल्याखेरीज पुढे पाऊल टाकायचं नाही. रजिस्टरमध्ये एखादं नाव मध्येच थांबलं तर आता आशाताईंमार्फत विचारपूस होते, जशी रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या पेशंटची होते. दटावणी नाही, चौकशी नाही. बाई कशी आहे, एवढंच.

या गोष्टीचं तात्पर्य डॉक्टरांसाठी आहे, आणि ते फक्त सोनोग्राफीपुरतं नाही. गर्भपिशवी काढायची गरज नाही असं एखादा प्रामाणिक डॉक्टर ऊसतोडीच्या बाईला सांगतो आणि निर्धास्त होतो. ती बाई दुखणं घेऊन दुसऱ्या दारी जाते आणि तिथे तिची पिशवी निघते. बीडच्या ऊसतोड बायांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. कट, म्हणजे कमिशन, घेत नाही म्हणणारा डॉक्टर आपल्या पेशंटला गरज नसलेल्या तपासण्या कुठे करायला लावतात, ते पाहतो आणि गप्प बसतो. असा प्रत्येक डॉक्टर निर्दोष असतो, आणि त्याच्या पेशंटचं वाटोळं झालेलं असतं.

वाईट काम नाकारणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे आणि त्यासाठीही हिंमत लागते. पण नकार मिळाल्यावर माणूस नाहीसा होत नाही, तो आपली अडचण घेऊन पुढच्या दाराशी जातो. आपण त्याला कशाला नाही म्हटलं हे लक्षात ठेवावं, आणि तो पुढे कुठे गेला याची काळजीही वाहावी. शपथ घेताना आपण रोग्याची जबाबदारी घेतलेली असते. आपले हात स्वच्छ राहिले म्हणून ती संपत नाही.